दर्या की दऱ्या: जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

पॉवरचं बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान वाचता येईपर्यंत ४ मिनिटं ४० सेकंद. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मी तीनदा मोजलं. दहा-वीस सेकंद इकडे-तिकडे, बाकी तेच. लॅपटॉप २०१०चा. माझं शिक्षणाचं शेवटचं वर्ष त्याच्यावर गेलं, नोकरीची पहिली काही वर्षंही, आणि मग तो कपाटात गेला. तो बाहेर काढला आईसाठी. तिच्याकडे तिनं लिहिलेल्या वह्यांचा गठ्ठा आहे आणि निवृत्तीनंतर त्या टाइप करून ठेवायचं तिनं मनावर घेतलंय. मोबाइलवर तिला लांबलचक लिहवत नाही. "नवाच घेऊ या ना," मी म्हटलं, तर म्हणाली, "अगं, आहे तो चालतो का बघ आधी. कीबोर्ड किती छान आहे त्याचा!"

कीबोर्ड खरंच छान आहे. बटणं नीट खाली जातात, बोटाला कळतं की अक्षर उमटलं. आजकालच्या पातळ लॅपटॉपवर तसं टाइप करायला मिळत नाही. त्यामुळे आईचं म्हणणं मी मनापासून मान्य केलं आणि कामाला लागले.

आत विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला, तेव्हा नेटला जोडायचं तर ते बदलणं भागच होतं. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इथे रॅम २ जीबी आणि टीपीएम २.० हे मानकच मुळी २०१४चं. म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालायची हे ठरलेलंच होतं, प्रश्न होता कुठलं. मी स्वतः रोज लिनक्सवर काम करते, पण माझं मशीन बऱ्यापैकी नवं आहे. 'हलका डिस्ट्रो', म्हणजे जुन्या मशीनवर चालेल अशी लिनक्सची तयार आवृत्ती, शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी सगळे करतात तेच केलं. नावं गोळा केली. पपी, अँटिएक्स, एमएक्स, लुबंटू, झुबंटू, मिंटची एक्सएफसीई (हा एक हलका डेस्कटॉप) आवृत्ती, बोधी, टायनी कोअर, शिवाय खुद्द डेबियन. प्रत्येकापुढे नुसतं सुरू केल्यावर किती रॅम खातो त्याचा आकडा लिहिला आणि कमी ते जास्त अशी उतरंड लावली. दोन तास गेले. मग लक्षात आलं, ज्या मशीनसाठी हे चाललंय त्याची आत्ताची अवस्था काय आहे, हे मी अजून पाहिलेलंच नाही. कागद बाजूला ठेवला.

एका पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालणारं लिनक्स, चालू केलं आणि कमांड टाइप करायची खिडकी, टर्मिनल, उघडली. आधी 'एलएससीपीयू'. ही कमांड प्रोसेसरची सगळी कुंडली मांडते. घरात समज असा होता की हा लॅपटॉप ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, कारण त्यावरचं विंडोज ३२ बिटचं होतं. प्रत्यक्षात प्रोसेसर इंटेलचा पहिल्या पिढीचा आय३ निघाला, २ कोअर, ४ थ्रेड, आणि पूर्ण ६४ बिट. ही गोष्ट प्रत्येकानं आधी तपासावी असं मी कळकळीनं सांगेन, कारण उत्तर काय येतं त्यावर निम्मी यादी ठरते. उबंटूनं १७.१०पासून आणि लुबंटू, झुबंटू या तिच्या भावंडांनी १९.०४पासून ३२ बिटचे आयएसओ (इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टीम असलेली फाइल) काढणं बंद केलं. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३पासून डेबियननंही साध्या पीसीसाठी ३२ बिटचा इन्स्टॉलर द्यायचं थांबवलं. मशीन खरोखर ३२ बिटचं असेल तर अँटिएक्स २३ किंवा पपीच्या काही आवृत्त्या अशा मोजक्याच वाटा उरतात. ६४ बिट असेल तर उगाच त्या अरुंद गल्लीत शिरायचं कारण नाही.

मग डिस्क. 'स्मार्टसीटीएल' चालवून डिस्कनं स्वतःबद्दल नोंदवलेली माहिती वाचली. तिथे १९७ क्रमांकाची ओळ असते, करंट पेंडिंग सेक्टर. जे सेक्टर वाचताना डिस्क अडखळली आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची ती संख्या. ती शून्य असायला हवी. इथे २४ होती. लॅपटॉप मधूनच वीस-तीस सेकंद थिजायचा, माउसचा बाणही हलायचा नाही, त्याचं कारण हे होतं. डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसायची आणि बाकी सगळं तिच्यासाठी खोळंबायचं. यावर कुठल्याही डिस्ट्रोकडे औषध नाही.

थोडं गणित केलं की जुन्या हार्ड डिस्कची गोष्ट स्पष्ट होते. ५४०० आरपीएम म्हणजे आतल्या तबकडीचे सेकंदाला ९० फेरे, एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डोकं योग्य रांगेवर सरकायला आणखी दहा-बारा. विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला साठेक वाचनं झाली की डिस्कचं त्राण संपलं. आणि सिस्टीम सुरू होताना, ब्राउझर उघडताना अशा हजारो छोट्या फायली वाचल्या जातात. एसएसडी ही चिपवर साठवणारी डिस्क, तिला यातलं काहीच फिरवावं-सरकवावं लागत नाही. या लॅपटॉपचं साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, दुसऱ्या पिढीचं, सेकंदाला ३०० एमबीच्या वर ते जाणार नाही, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही हे खरं. पण अडचण कधीच त्या वेगाची नव्हती, शोधाशोधीची होती.

म्हणून डिस्ट्रोच्या आधी एसएसडी ठरली. आणि रॅम. मागचं झाकण उघडलं तर एक खाच रिकामीच होती. घरात पडून असलेल्या एका बंद लॅपटॉपमधली २ जीबीची डीडीआर३ पट्टी काढून तिथे बसवली, ती ओळखली गेली, झाली ४ जीबी. (पट्टी घेताना डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची गल्लत करू नये. खाचच वेगळी असते, बसत नाही. जोर लावू नये.)

हे झाल्यावर मी पुन्हा यादीकडे वळले तेव्हा तिचा अर्थ बदललेला होता. २ जीबीवर जो प्रश्न होता तो ४ जीबीवर राहिलाच नव्हता. हे नुसतं वाटण्यावर सोडलं नाही, मोजलं. सगळ्या आयएसओ फायली एकाच पेन ड्राइव्हवर ठेवता याव्यात यासाठी व्हेंटॉय नावाचं साधन आहे. पेन ड्राइव्हवर ते एकदा बसवायचं, मग आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या, सुरू करताना मेन्यूतून हवी ती निवडायची. दर वेळी पेन ड्राइव्ह पुन्हा लिहायला नको. प्रत्येक आयएसओचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहिला. एक जुळला नाही, डाउनलोड अर्धवट तुटलं होतं. तो तसाच वापरला असता तर अर्धा दिवस भलत्याच गोष्टीला दोष देत बसले असते.

दोष देण्यावरून आठवलं. एका डिस्ट्रोच्या बाबतीत मी तेच केलं, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या लॅपटॉपवर हे कुणालाही भेटू शकतं.

लाइव्ह सत्र चालू झालं, वायफाय जोडलं गेलं, सिग्नल पूर्ण. पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा. टर्मिनलमधून पॅकेजांची यादी ताजी करायला गेले तर तिथेही नकार: रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. मी डिस्ट्रोच्या नावावर काट मारली. पुढचा लावला, तो व्यवस्थित चालला, त्यामुळे माझी खात्रीच पटली की आधीचाच बिघडलेला. दुसऱ्या दिवशी काही कारणानं तो पहिला पुन्हा सुरू केला आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे सहज नजर गेली. १ जानेवारी २०१०, रात्रीचे १२ वाजून १७ मिनिटं.

मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवणारी एक नाण्याएवढी बॅटरी असते, बहुधा सीआर२०३२. ती वर्षानुवर्षं कपाटात संपून गेली होती. चार्जर काढला की लॅपटॉप पुन्हा २०१०मध्ये जायचा. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. २०१०मध्ये बसलेल्या मशीनला आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली वाटतात, मग ते ती कशी मान्य करणार? दुसऱ्या डिस्ट्रोत नेटवरून वेळ जुळवून घेणारी सेवा लाइव्ह सत्रातही चालू होती, म्हणून तिथे सगळं सुरळीत. पहिल्यात ती आपण चालू करायची होती. बॅटरी बदलली, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख घातली, आणि त्या डिस्ट्रोच्या नावावरची काट पुसली. जुन्या मशीनवर काहीही विचित्र दिसलं की आधी घड्याळ बघायचं, ही सवय मला तेव्हा लागली ती आजतागायत.

आता मोजमाप. प्रत्येक लाइव्ह सत्रात रॅमचा हिशोब दाखवणारी 'फ्री' ही कमांड चालवायची, ब्राउझर उघडायचा, त्यात तेच तीन टॅब लावायचे (मेल, एक बातमीचं पान, एक शब्दकोश), आणि पुन्हा 'फ्री'. दोन गोष्टी इथे सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे 'फ्री' या रकान्यातला आकडा बघून घाबरायचं नाही. लिनक्स रिकामी रॅम पडू देत नाही, डिस्कवरच्या फायली तिथे जपून ठेवतं आणि गरज पडली की ती जागा लगेच मोकळी करतं. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'. दुसरं, लाइव्ह सत्रात आपण जे काही लिहितो ते रॅममध्येच साठतं आणि प्रत्येक फाइल दाबून लहान केलेल्या आयएसओतून सोडवून वाचावी लागते. त्यामुळे तिथला वेग आणि आकडा हा इन्स्टॉल केल्यानंतरचा समजायचा नाही. आपसांत तुलना करायला मात्र चालतं.

अँटिएक्स त्याच्या आइसडब्ल्यूएम या डेस्कटॉपवर सुमारे २३० एमबीत उभा राहिला. इतक्या कमी जागेत पूर्ण डेस्कटॉप बघून मला खरंच आदर वाटला. लुबंटू ५००च्या आसपास, एक्सएफसीईवाला डेबियन ६००, मिंटची एक्सएफसीई ८००च्या जवळ. उतरंड अगदी कागदावरच्या सारखीच. मग ब्राउझर आणि तीन टॅब. सगळीकडे ९०० एमबी ते १ जीबी वाढ, कुठेही फरक नाही. का असावा? कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळ्यांचा लिनक्सच, ब्राउझर तोच, पानं तीच. वेगळं असतं ते डेस्कटॉप आणि मागे चालणाऱ्या सेवा, आणि त्यांचा सगळा मिळून फरक पाचशे-सहाशे एमबीचा. एखादं जड पान तेवढं एकटंच खातं.

पण यावरून 'हलकेपणाला अर्थ नाही' असं मी म्हणणार नाही. २ जीबीवर ग्राफिक्सचा वाटा जाऊन हातात १.८ जीबीच्या आसपास राहतं. तिथे अँटिएक्सवर तीन टॅब लावून सहाशे-सातशे एमबी शिल्लक, आणि मिंटवर स्वॅप (रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरणं) सुरू, तेही त्या आजारी डिस्कवर. रॅम वाढवायची सोयच नसेल तर माझं उत्तर आजही अँटिएक्स हेच आहे. आमच्याकडे ती सोय होती. ४ जीबीवर चारही डिस्ट्रो आईच्या कामाला पुरून उरत होते, आणि मग निवड दुसऱ्या गोष्टींवर करता आली.

पपी मी आधीच बाजूला ठेवला होता. बॅरी कौलरनं २००३मध्ये सुरू केलेला हा डिस्ट्रो पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये चढतो आणि मग पेन ड्राइव्ह काढून घेतला तरी चालत राहतो. फार सुंदर कल्पना. मेलेल्या मशीनमधून फायली वाचवायला माझ्या ड्रॉवरमध्ये तो कायम असतो. पण त्यात नेहमी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणूनच वावरायची पद्धत आहे, आणि आईच्या रोजच्या लिखाणासाठी मला ते नको होतं. टायनी कोअर काही एमबींत मावतो, पण बाकी सगळं आपण जोडायचं. आर्च या डिस्ट्रोवर आधारलेले सतत बदलणारे डिस्ट्रो यादीत घेतलेच नाहीत. दर आठवड्याला शेकडो एमबींचे अपडेट, आणि एखाद्या वेळी काही अडलं तर आईनं काय करावं?

उरलेल्यांची परीक्षा मी आईसोबत घेतली. झाकण मिटायचं, दहा मिनिटांनी उघडायचं, असं पाचदा. एका ठिकाणी पाचापैकी दोनदा काळा पडदा आला आणि बटण दाबून बंद करावं लागलं. तो बाद. ज्याला झाकण मिटवून उठायची सवय आहे त्याचं लिखाण असं गेलं तर तो पुन्हा त्या मशीनवर विश्वास ठेवणार नाही. ब्राइटनेसची बटणं, हेडफोन लावल्यावर आवाज तिकडे वळतो का, हे सगळं जवळपास सगळीकडे ठीक.

आणि मग देवनागरी. माझ्या मते आपल्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा आहे आणि कुठल्याच तुलनेत ती नसते. मी दोन शब्द ठरवले होते: दर्या आणि दऱ्या. समुद्र आणि डोंगरांमधल्या दऱ्या. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा य-च्या आधी येतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीत इंग्रजी 'J'चं बटण दाबलं की र, शिफ्टसह तेच दाबलं की ऱ, पुढे 'D' म्हणजे हलन्त, मग य आणि काना. फॉन्ट आणि अक्षर जुळवणारी यंत्रणा धड असेल तर दोन शब्द वेगळे दिसतात. नसेल तर दऱ्या फुटतो, पाय मोडलेला र सुटा उभा राहतो आणि त्याखाली नुक्त्याचा ठिपका लोंबतो. एका अगदी छोट्या डिस्ट्रोत देवनागरी फॉन्टच नव्हता, सगळीकडे नुसते चौकोन. फॉन्ट नंतर घालता येतो, नोटो किंवा लोहित. पण मेन्यू, फाइलची नावं, टेक्स्ट एडिटर या तिन्ही ठिकाणी हे दोन शब्द लिहून बघावेत. ब्राउझरमध्ये नीट दिसणारं मराठी फाइलच्या नावात मोडलेलं मला दिसलंय.

आईनं एक्सएफसीईवर 'दऱ्या' टाइप केलं, जवळ वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा बरोबर आहे. वहीत लिहिते तस्साच."

टायपिंगसाठी वेगळं काही बसवावं लागलं नाही, हेही इथे सांगते. बरेच जण सरळ आयबस हे टायपिंगचं साधन घालतात, तेही चांगलं आहे, विशेषतः रोमन अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर. पण इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट आधीपासूनच असतो. तो जोडायचा, भाषा बदलायला एक बटण ठरवायचं, संपलं. मागे जास्तीची एकही प्रक्रिया चालत नाही. आई टायपिंग शिकलेली, तिला इनस्क्रिप्टवर हात बसवायला दोन आठवडे लागले.

शेवटी लुबंटू, एमएक्स आणि डेबियन असे तीन राहिले आणि त्यांतला कुठलाही घेतला असता तरी आईचं अडलं नसतं. निर्णय लागला तो डिस्ट्रोच्या आयुष्याच्या प्रश्नावर. डिस्ट्रो म्हणजे शेवटी माणसं. क्रंचबँग हा अतिशय हलका, लोकांचा लाडका डिस्ट्रो होता, एका माणसानं चालवलेला. २०१५मध्ये त्यानं थांबायचं ठरवलं आणि तो थांबला. पुढे त्याच्या चाहत्यांनी बन्सनलॅब्स उभा केला म्हणून बरं, पण मधल्या काळात घरोघरची मशीनं वाऱ्यावर होती. लुबंटूच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्तीला ३ वर्षं अपडेट मिळतात. डेबियन १९९३पासून चालू आहे, त्याच्यामागे कुठली एक व्यक्ती वा कंपनी नाही, आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण ३ वर्षं पूर्ण आणि पुढे २ वर्षं एलटीएस अशी ५ वर्षं मिळतात. डेबियन १३साठी ते २०३०पर्यंत जातं. तोवर हा लॅपटॉप वीस वर्षांचा होईल. मी डेबियन घेतला.

पूर्वी डेबियनबद्दल एक तक्रार असायची की वायफायचं फर्मवेअर (चिप चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) वेगळं शोधून आणावं लागतं. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि २०२३च्या डेबियन १२पासून ते मिळू लागलं. इथेही वायफाय पहिल्याच पडद्यावर सापडलं. इन्स्टॉल करताना लक्ष द्यायची जागा एकच: डेस्कटॉप निवडायची यादी येते तिथे नोम या डेस्कटॉपवरची खूण काढून एक्सएफसीईवर करायची. नोमवरची खूण काढायची राहिली तर दोन्ही बसतात. पूर्ण डिस्क कुलूपबंद करायचा पर्याय मी घेतला नाही. या प्रोसेसरमध्ये त्यासाठीच्या एईएस सूचना नाहीत, प्रत्येक वाचन-लेखनाचा भार नुसत्या गणितावर पडला असता.

नंतर फार काही केलं नाही. झेडरॅम चालू केलं. त्यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरतात आणि तिथे जाणारी माहिती दाबून लहान करून ठेवतात. डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा ते कितीतरी पट वेगानं होतं, आणि ४ जीबीची रॅम हाताला पाचेक जीबीसारखी लागते. एसएसडीसाठी आठवड्यातून एकदा ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं तिला कळवणं. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. जुन्या मशीनवर यानं मोठा फरक पडतो, कारण पानातला बराच भार मुळातच नाहीसा होतो. आणि व्हिडिओसाठी एक छोटं एक्स्टेन्शन. आजचे व्हिडिओ बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात येतात, २०१०च्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत, सगळं प्रोसेसरवर येऊन पडतं आणि पंखा घोंघावतो. एक्स्टेन्शन साइटकडे एच.२६४ या जुन्या प्रकाराचीच मागणी करतं. आई व्याख्यानं ऐकते, त्याला ४८० पिक्सेल भरपूर होतात.

जुनी डिस्क फेकली नाही. डीडीरेस्क्यू लावून तिची प्रत घेतली. हे साधन आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं, त्यामुळे मरणाऱ्या डिस्कला त्रास कमी होतो. एक रात्र चाललं. सकाळी पाहिलं तर दोन फायली सोडून सगळं हाती आलं होतं, त्यात माझे जुने फोटोही.

आता बटण दाबल्यापासून डेस्कटॉप ३० सेकंदांत, ब्राउझर आणखी ७ सेकंदांत. आई ब्राउझर क्वचितच उघडते. रायटर हा लिहायचा प्रोग्रॅम उघडते, वही डाव्या हाताला ठेवते आणि लिहायला लागते. पहिल्या महिन्यात एक वही झाली.

लॅपटॉपच्या झाकणाच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवली होती. भाषा कशी बदलायची. रविवारी अपडेट कसं करायचं. मुख्य बॅटरी जुनी आहे, चार्जर लावूनच ठेव. परवा गेले तर खाली तिच्या अक्षरात चौथी ओळ होती: उठताना झाकण मिटलं तरी चालतं, लिहिलेलं जात नाही.